हाकेची फळी

मी एक जुनी लाकडी फळी आहे, मित्रांनो. तुमच्या वर्गातल्या फळ्याची मी कोणी लागत नाही. माझ्या अंगावर आजवर कोणी खडू टेकवलेला नाही. मी दोन हात लांब आणि एक हात रुंद आहे. वरच्या कडेला दोन भोके आहेत. त्यांतून ओवलेल्या चामड्याच्या पट्ट्यांवर मी एका जुन्या मठाच्या व्हरांड्यात, तुळईला टांगलेली आहे. माझ्या मध्यभागी वाटीएवढा खळगा आहे आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली एक चीर आहे. चीर कोणी पाडली ते मला माहीत आहे. पण खळग्यात बसलेला प्रत्येक ठोका कोणाच्या हातचा होता, ते मला सांगता येत नाही. पुष्कळ वर्षे विचार करूनही सांगता येत नाही.

जन्माने मी झाकण होते. शवपेटीचे झाकण.

घाबरू नका. या मठातले लोक फार साधे राहत. तपकिरी झगा, कमरेला तीन गाठींची दोरी, पायात वहाणा. स्वतःचे म्हणावे असे काहीच नाही. मग प्रत्येकाला वेगळी शवपेटी तरी कशाला? साऱ्या मठाची मिळून एकच पेटी होती. कोणी वारला की त्याला तिच्यात ठेवत, वर मला बसवत आणि मागच्या बागेतून दफनभूमीकडे नेत. तिथे मला उचलून बाजूला ठेवत, त्याला झग्यासकट मातीत उतरवत आणि पेटी व मी परत येत असू. जाताना जड, येताना हलके.

झाकणाला एक आतली बाजू असते. आत किती शांत असते ते मला ठाऊक आहे. त्या शांततेत मी काय ऐकले असे कोणी विचारले, तर काहीच नाही असेच मला सांगावे लागेल. पण ते काहीच नाही मी पुष्कळदा ऐकले, आणि लाकूड एकदा ऐकलेले विसरत नाही.

पुढे पेटीचा तळ कुजला. मठात दोन प्रकारचे लोक असत. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणणारे ते फादर आणि हातांनी मठ चालवणारे ते ब्रदर. त्यांतल्या सुतार ब्रदरांनी पेटी मोडायला घेतली. मला बाजूला काढताना त्यांनी सहज बोटाच्या पेराने टकटक केले आणि कान लावला.

"हिला गळा आहे," ते म्हणाले.

"मग बसवा हिला आपल्या गाणाऱ्यांत," शेजारी उभे असलेले स्वयंपाकी ब्रदर म्हणाले. ते तेव्हा अगदी तरुण होते. "निदान एक जण तरी सुरात गाईल."

सुतार ब्रदर हसले नाहीत. त्यांनी मला रंधा मारला, कापून आखूड केले, भोके पाडली आणि तेल पाजले. ठोके द्यायला एक लाकडी मोगरी करून माझ्या शेजारी खुंटीला अडकवली. अशी मी झाकणाची हाकेची फळी झाले.

माझे काम काय ते नीट ऐका, कारण पुढचे सगळे त्याच्यावर आहे. मठात घंटा होती. ती प्रार्थनेसाठी वाजे, जेवणासाठी वाजे. मी मात्र एकाच कारणासाठी वाजत असे. मठातला कोणी शेवटच्या घटका मोजू लागला की त्याच्या उशाशी बसलेल्याने बाहेर यायचे आणि मला तीन ठोके द्यायचे. थोडे थांबून पुन्हा तीन. ते ऐकले की ज्याने त्याने हातातले काम तिथेच टाकून यायचे. भाकरीच्या पिठाने हात भरलेले असोत, नाही तर अर्धी दाढी झालेली असो. सगळ्यांनी त्या खाटेभोवती गुडघे टेकायचे, कारण कोणीही एकट्याने जाऊ नये, असा त्या घराचा नियम होता. दुसऱ्या कोणत्याही कामासाठी मला वाजवायची बंदी होती. आवाज कसा येतो हे पाहायलासुद्धा नाही. त्यामुळे मला वाजवण्याचा सराव कोणालाच नसे.

ज्यांची ही गोष्ट आहे ते फादर मठात आले तेव्हा नुकतेच शिकून बाहेर पडले होते. इतके बारीक होते की झग्यात माणूस आहे की झगा नुसताच चालतोय, असे स्वयंपाकी ब्रदर विचारीत. फादरांना प्रत्येक गोष्ट पडताळून पाहायची सवय होती. दार लावले तरी एकदा ओढून बघत. हिशेबाची बेरीज खालून वर आणि वरून खाली करत. मठाला असा माणूस बरा वाटतो.

एका दुपारी त्यांना माळी ब्रदरांच्या उशाशी बसवले होते. माळी ब्रदर फार म्हातारे होते आणि त्यांची खोली माझ्या अगदी समोर होती. दार उघडे होते, म्हणून मला सगळे दिसत होते. म्हाताऱ्याचे श्वास लांब लांब पडू लागले. तरुण फादर उठले, बाहेर आले, खुंटीवरून मोगरी काढली, उगारली आणि थांबले.

वेळ खरेच आली आहे का? सगळे धावत आले आणि म्हातारा उठून बसला तर? नवा आलेला पोरगा, सगळ्या मठाला कामावरून उठवतो! हे सगळे मला त्यांच्या तोंडावर वाचता येत होते. त्यांनी मोगरी परत अडकवली. आत जाऊन नाडी पाहिली. ती लागत होती. मग त्यांनी कपाटावरचा दाढीचा आरसा घेतला आणि म्हाताऱ्याच्या ओठांपाशी धरला. काचेवर वाफ आली की नाही ते खोलीतल्या अंधारात नीट दिसेना, म्हणून ते आरसा घेऊन खिडकीकडे गेले. उजेडात धरून पाहिला. काच स्वच्छ होती.

ते वळले तेव्हा सगळे संपले होते. शेवटच्या क्षणी माळी ब्रदरांनी पाहिली असेल ती खिडकीकडे तोंड केलेली एक पाठ.

मग ठोके पडले. सगळे आले, गुडघ्यांवर बसले, पण ज्याच्यासाठी यायचे तो निघून गेला होता. मठप्रमुख हे थोराड अंगाचे, कमी बोलणारे फादर होते. त्यांनी माळी ब्रदरांचे डोळे मिटले आणि विचारले, "इतका वेळ काय करत होतास?"

"खात्री करून घेत होतो, फादर."

"झाली?"

"झाली."

"त्याला तुझ्या खात्रीचा काय उपयोग झाला?"

बस, एवढेच. ओरडले नाहीत, शिक्षा केली नाही. सगळे गेल्यावर तरुण फादर माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझ्या खळग्यावर कपाळ टेकले. कपाळ तापलेले होते.

त्या दिवसापासून त्यांनी पडताळणे सोडले. कोणी हाक मारली की काय झाले, कोणाला झाले, केव्हा झाले, काही विचारायचे नाही. तोंडातून आधी शब्द निघे, "आलोच!" आणि पाय वहाणांत. तापाने फणफणलेल्या मुलासाठी आलोच, भांडण झालेल्या नवरा-बायकोसाठी आलोच, तुरुंगातल्या कैद्यासाठी आलोच. छपरावर मांजर अडकले म्हणून एक आजी रडत आली, तर तिलाही आलोच. गावात त्यांचे नावच पडले, आलोच फादर. प्रवचनात ते काही फार मोठे नव्हते. त्यांचे प्रवचन सुरू झाले म्हणेपर्यंत संपत असे, आणि लोकांना ते त्यांचे आणखी एक पुण्यकर्म वाटे. पण आजाऱ्याच्या खाटेशी बसावे तर त्यांनीच. झग्याच्या खिशात पवित्र तेलाची चपटी डबी असे. आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळव्यांना तेल लावून झाले की इतर फादर निघत. हे खुर्ची ओढून बसत. घरचे म्हणत, "फादर, तुम्हाला उशीर होईल." ते म्हणत, "कशाला?"

मठाची वर्षे अशी गेली. जुने लोक एकेक करून जात होते आणि नवे येईनासे झाले होते. दर वेळी मी वाजे आणि दर वेळी व्हरांड्यातल्या वहाणांचा आवाज थोडा कमी असे. मठप्रमुखांच्या वेळी फादरांनी मला फारच लवकर वाजवले. सगळे धावत येऊन खाटेभोवती बसले तर मठप्रमुखांनी डोळे उघडले. "अजून अवकाश आहे रे," ते म्हणाले, "आलाच आहात तर बसा." ते संध्याकाळपर्यंत जगले. सगळे बसून राहिले. कोणीतरी सूप आणले आणि खाटेभोवतीच वाडगे फिरले. इतके सुंदर मरण मी दुसरे पाहिले नाही.

शेवटी उरले दोघे. आलोच फादर आणि स्वयंपाकी ब्रदर. फादर आता वाळून पुन्हा पहिल्यासारखे बारीक झाले होते. ब्रदर गोल झाले होते आणि ठार बहिरे. त्यांच्याशी बोलायचे म्हणजे कानाला तोंड लावून ओरडायचे. त्यामुळे मठातली सगळी गुपिते मला ऐकू येत. फादर बाहेर काय काय घडले ते जेवताना ओरडून सांगत आणि ब्रदर त्यावर हळू आवाजात शेरे मारत. आपण हळू बोलतो असे त्यांना वाटे; खरे म्हणजे तेही ओरडतच असत.

एकदा फादरांनी माझ्याकडे बघत विचारले, "ब्रदर, आपल्यात आधी कोण जाणार?"

"तुम्ही जा आधी. मी गेलो तर तुम्हाला खायला कोण घालणार?"

"आणि माझी वेळ आली, मी कसंबसं उठून ही फळी वाजवली, तर तुला ऐकू येणार आहे का?"

"काय?"

"काही नाही!"

"मीठ? मीठ बरोबर आहे."

फादर हसले. पण त्या दिवसानंतर ते माझ्यासमोरून जाताना पाय ओढत जात, हे मी पाहिले. ज्याने जन्मभर दुसऱ्यांना एकटे जाऊ दिले नाही, त्याला स्वतःच्या वेळेची भीती वाटत होती. ती त्यांनी कोणाला बोलून दाखवली नाही. मी ऐकले, कारण बाकावर एकटे बसले की ते तीच एक प्रार्थना पुटपुटत. "प्रभू, कोणीतरी असू दे."

त्या वसंतात माझ्या आतून टकटक येऊ लागली.

आधी खरे कारण सांगते. जुन्या लाकडात एक तपकिरी किडा राहतो. तो बोगदे पोखरतो आणि उबदार दिवसांत बोगद्याच्या भिंतीवर डोके आपटून जोडीदाराला बोलावतो. भराभर, एका दमात, घड्याळाच्या टिकटिकीसारखे. फादरांनी गावातल्या डॉक्टरांना बोलावले. डॉक्टर तरुण होते, सडसडीत आणि स्पष्ट बोलणारे. त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या अंगाला लावला आणि गंभीरपणे ऐकले.

"फादर, रुग्णाला किडा लागलाय."

"वाचेल ना?"

"वाचेल. पण औषध कडू आहे."

त्यांनी भोकाभोकांत टर्पेंटाइन भरले आणि वरून मेण लावले. टकटक थांबली. मला बरे वाटले. आपल्या अंगात दुसऱ्याचे संसार चालू असणे काही सुखाचे नसते.

आणि मग एका दुपारी, वारा पडलेला असताना, मला ठोका बसला.

किड्याचा नव्हे. लाकूड वाळताना तडकते तसाही नव्हे. तडकण्याचा आवाज एकदाच होतो, आणि तो आतून येतो. हा बाहेरून आला, खळग्याच्या बरोबर मधोमध. एक, दोन, तीन. थोडे थांबून पुन्हा तीन. मोगरी शेजारी खुंटीला होती आणि ती तसूभरही हलली नव्हती. समोर कोणीच नव्हते. बाकावर बसून फादर वहाणेचा पट्टा शिवत होते. त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेले, "आलोच!" मग त्यांनी वर पाहिले. आधी माझ्याकडे, मग मोगरीकडे. हाताला काटा आलेला मला दिसत होता. पण दुसऱ्याच क्षणी त्यांनी वहाण पायात सरकवली, डबी चाचपली आणि ते निघाले.

कुठे जायचे ते त्यांना ठाऊक नव्हते. गल्लीबोळांतून दारोदार विचारत गेले, "घरात कोणी आजारी आहे का?" शेवटी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत एकटा राहणारा नळदुरुस्तीवाला सापडला. तो शेवटच्या घटका मोजत होता आणि त्याने दुखणे कोणाला कळवलेच नव्हते. फादर दुसऱ्या दिवशी परतले तेव्हा ब्रदरांच्या कानात ओरडले, "त्यानं विचारलं, तुम्हाला कोणी पाठवलं? मी काय सांगू? फळीनं?"

"गिळायला काय देऊ ते सांगा आधी," ब्रदर म्हणाले.

त्यानंतर मी अशी कितीदा तरी वाजले. कधी महिन्यात एकदा, कधी लागोपाठ. आणि फादर दर वेळी निघाले.

मित्रांनो, इथून गोष्टीला वाईट वळण लागले. फादर दारोदार फिरतात आणि ज्या घरात थांबतात तिथून दुसऱ्या दिवशी शवपेटी निघते, हे लोकांच्या लक्षात यायला कितीसा वेळ लागणार? आधी लोक कुजबुजले. मग फादर गल्लीत शिरले की आया पोरांना आत ओढू लागल्या. खिडक्या मिटू लागल्या. ज्या नावाने हाक मारत तेच नाव आता दबक्या आवाजात घेत. 'आलोच' या शब्दाचीच त्यांना भीती वाटू लागली. जो माणूस कोणी एकटे राहू नये म्हणून चालत होता, त्याच्या पुढे पुढे रस्ते रिकामे होत गेले.

एक दिवस डॉक्टर मठात आले. बाकावर बसले, पण टेकून बसले नाहीत.

"फादर, एक स्पष्ट बोलू का? तुम्हाला दारात पाहिलं की माझे रुग्ण धीर सोडतात. औषध घ्यायचं बंद करतात. तुम्ही हे फिरणं थांबवा."

"मला हाक येते, डॉक्टर."

"मोठं गाव आहे. रोज कोणी ना कोणी शेवटच्या दुखण्यात असतंच. तुम्ही शंभर दारं वाजवलीत तर एका दाराआड सापडणारच. जुळलेलं लक्षात राहतं, न जुळलेलं आपण विसरतो. हा साधा हिशेब आहे."

"असेल," फादर म्हणाले. "हिशेब तुमचा बरोबरच असेल. पण मी चुकीच्या दारी गेलो तर काय होतं? शिव्या खातो, पेलाभर पाणी पितो, परत येतो. न जाऊन चुकलो तर? एकदा मी खिडकीत आरसा बघत उभा होतो, डॉक्टर."

डॉक्टरांना आरशाचे काही कळले नाही. त्यांनी खांदे उडवले, जाता जाता माझ्याकडे पाहिले, मोगरी उचलून तिचे वजन बघितले, माझे पट्टे ओढून पाहिले. खुलासा सापडला नाही की त्यांच्या कपाळावर एक आठी पडे. ती पडली.

आता त्या शेवटच्या दुपारबद्दल. हवा कोंडलेली होती. पान हलत नव्हते. मला ठोके पडले. इतर वेळेपेक्षा हळू, जवळजवळ माया केल्यासारखे. फादर बाकावर डुलक्या घेत होते. "आलोच," म्हणाले आणि उठायलाच त्यांना दोनदा जोर करावा लागला. काठी घेऊन निघाले.

गावात काय झाले ते मला शिंपीण मावशींनी नंतर सांगितले. मावशी मठाचे झगे शिवत. तोंडाने तिखट, हाताने मऊ. फादरांनी त्या दिवशी एकही दार सोडले नाही. कुठे उघडलेच नाही, कुठे फटीतून "कोणी नाही" एवढेच आले. मावशींच्या घरी नातवंडाला साधा खोकला होता. फादर पायरीवर आलेले दिसताच मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आमच्याकडं कोणी आजारी नाही, फादर. तुम्ही पुढं जा."

"देव करो, कोणी नसोच," फादर म्हणाले. "जरा टेकू का पायरीवर?"

"टेका, पण आत येऊ नका."

त्यांनी दार लावले आणि कडी घातली. मग राहवेना, म्हणून खिडकीच्या गजांतून पाण्याचा पेला पुढे केला. फादर पाणी प्यायले, त्यांनी पेला खिडकीत नीट ठेवला आणि म्हणाले, "आज कोणाचंच दार सापडत नाहीये, बघ." मावशी म्हणतात, ते हसत होते, पण ओठ निळे पडले होते, आणि ते पाहूनही आपण कडी काढली नाही.

फादर परत आले. माझ्याखालच्या बाकावर धपकन बसले. झगा धुळीने भरला होता. इतक्या वर्षांत ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"सगळी दारं झाली गं. कोणी नाही."

मग ते थांबले. त्यांनी हळूहळू मान वर केली आणि माझ्या खळग्याकडे पाहिले. सगळी दारे झाली नव्हती. एक राहिले होते.

"असं होय," ते म्हणाले.

त्यांनी मोगरीकडे हात लांबवला. खुंटी हातभर लांब होती. हात अर्ध्यावरूनच मांडीवर पडला. जन्मभरात पहिल्यांदा त्यांची खात्री वेळेत झाली होती, आणि मोगरी हाताला लागत नव्हती. स्वयंपाकघरात बहिरे ब्रदर कांदे सोलत होते. फादरांचे ओठ हलले, "कोणीतरी असू दे."

ठोके पडले. मित्रांनो, मी शपथेवर सांगते, मोगरी जागेवर होती. एक, दोन, तीन. मी पट्ट्यांवर झुलू लागले. माझी तुळई भिंतीतून पलीकडे स्वयंपाकघरात जाते आणि तिथल्या खांबावर टेकते. लाकडातून लाकडात थरथर फार लांब जाते. त्याला कान लागत नाहीत. त्या खांबाला पाठ टेकून ब्रदर बसले होते. त्यांच्या पाठीच्या कण्यात तीन ठोके शिरले. थोडे थांबून पुन्हा तीन.

ते हातात सुरी आणि अर्धा कांदा घेऊन व्हरांड्यात आले. त्यांनी फादरांना पाहिले. मला झुलताना पाहिले. स्थिर मोगरी पाहिली. सुरी टाकली आणि मोगरी उचलली.

बहिऱ्या माणसाला आपण किती जोरात मारतो ते कसे कळणार? ते तीनवर थांबले नाहीत. रडत रडत, सगळे अंग लावून मारत राहिले. माझ्या अंगात इतका आवाज आहे हे मलाही ठाऊक नव्हते. फाटक सताड उघडे होते. आवाज अंगण ओलांडून रस्त्यावर गेला, गल्ल्यांत शिरला, मिटलेल्या खिडक्यांवर आपटला. आणि मी चिरले. पण चिरूनही वाजत राहिले, फाटक्या आवाजात.

आवाज मठातून येतोय हे कळताच मावशींना ते निळे ओठ आठवले आणि त्यांनी हातातले कापड टाकले. "अगं बाई," त्या सुनेला म्हणाल्या, "ते आपल्यासाठी आले नव्हते गं! त्यांना स्वतःचंच दार सापडत नव्हतं!" त्यांनी कडी काढली आणि पळत सुटल्या, बोटात शिवणाचे अंगुस्तान, गळ्यात मापाची टेप. रस्ताभर ओरडत होत्या, "आलेच, फादर! आलेच!" त्यांचे ऐकून एक दार उघडले, मग शेजारचे. न्हावी आला आणि त्याच्यामागे गालाला साबण लावलेले गिऱ्हाईक आले. ज्यांनी फटीतून "कोणी नाही" म्हटले होते तेही आले. कोणी बोलावले नव्हते, नियम कोणाला ठाऊक नव्हता, तरी सगळे बाकाभोवती गुडघ्यांवर बसले. व्हरांड्यात इतक्या पावलांचा आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला.

डॉक्टर धापा टाकत पोचले. त्यांनी आधी मनगट धरले, नाडी शोधायला घड्याळ वर केले. मग घड्याळ खाली केले, मनगट सोडले आणि फादरांचा नुसता हात हातात घेतला.

"फादर," मावशी म्हणाल्या, "तुमच्या तोंडावर दार लावलं मी."

"पाणी दिलंस की," फादर म्हणाले.

ब्रदरांनी झग्यातून डबी काढली. ते फादर नव्हते, तेलाचा संस्कार त्यांना देता येत नव्हता. ती त्यांनी फादरांच्या तळहातात ठेवली आणि वरून आपला कांद्याच्या वासाचा हात मिटला. फादर एकेकाकडे बघत होते. किती जण आले ते मोजल्यासारखे. मग त्यांची नजर सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडे गेली, समोरच्या दाराकडे, जिथे माळी ब्रदरांची रिकामी खोली होती. तिथे कोणी नव्हते. मी पाहिले आहे, कोणीही नव्हते. पण फादरांचा चेहरा एकदम उजळला, कोणी नाव घेऊन बोलावल्यासारखा.

"आलोच," ते म्हणाले.

आणि गेले.

त्यानंतर पुष्कळ दिवस लोटले. ब्रदरही गेले; गावातली तीन घरे पाळीने त्यांच्या उशाशी बसली होती. मठ आता दवाखाना झाला आहे. डॉक्टरांनी माझी चीर पितळी पट्टीने सांधली आणि मावशींची सून मला वर्षातून एकदा तेल लावते. तुमच्या घरी एखादे जुने लाकूड असले तर त्याला ओलीत टाकू नका, किडा लागला तर वेळीच बघा. जुन्या वस्तूला एवढेच पुरते. जुन्या माणसाला थोडे जास्त लागते. त्याच्या दाराशी जाऊन विचारावे लागते, आणि त्याने आपले दार वाजवले तर कडी काढावी लागते.

मोगरी डॉक्टरांनी कपाटात ठेवून कुलूप लावले. त्या दुपारनंतर मला कोणी माणसाने वाजवलेले नाही. तरी दर वर्षी तेल लावताना सूनबाई म्हणते, खळगा थोडा खोल झालाय. डॉक्टरांनी एकदा पट्टीने मोजून पाहिला. कपाळावर ती आठी पडली. मग म्हणाले, "माहीत नाही." आणि बॅग उचलून, कुठे जायचे ते माहीत नसताना, फादरांसारखे बाहेर पडले.

तेव्हा मित्रांनो, एखाद्या दुपारी, वारा पडलेला असताना, तुम्हाला लाकडाचे तीन ठोके ऐकू आले, तर खात्री करून घ्यायला खिडकीपाशी जाऊ नका. वहाणा शोधा. आणि त्याआधी, जो कोणी ऐकत असेल त्याला सांगा, आलोच.